चारची नोंद

रात्रपाळी केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, सगळ्यात जड वेळ कोणती. मध्यरात्र नाही. मध्यरात्रीपर्यंत वॉर्ड जागा असतो, नवे पेशंट येतात, कोणाचं सलाईन संपतं, कोणाचे नातेवाईक दाराशी घुटमळत असतात. जड असते ती तीन ते पाच. माणसाच्या अंगाचं तापमान चोवीस तासांत सगळ्यात खाली उतरतं ते साधारण याच वेळी. पापण्यांवर कोणी ओली वाळू ठेवल्यासारखं होतं. खिडकीबाहेर पुणं इतकं गप्प असतं की लांब स्टेशनकडे इंजिनाची शिटी झाली तरी दचकायला होतं.

अशाच एका पहाटेची गोष्ट मला सांगायची आहे. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नोकरीला चार वर्षं झाली होती, म्हणजे काम हातात बसलं होतं, आणि काम हातात बसलं की डोकं थोडं मोकळं, थोडं सैल होतं. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड. मी एकटी सिस्टर, मदतीला एक मावशी. चौदा नंबरच्या खाटेवर एक शेतकरी आजोबा होते, आदल्या दिवशी पोटाचं ऑपरेशन झालेले. त्यांची नाडी आणि बीपी दर दोन तासांनी बघायचं होतं. दोनला मी बघितलं. नाडी ८४, बीपी १२०/८०. आजोबा शांत झोपले होते, त्यांच्या आजी खाटेखाली सतरंजीवर आडव्या झाल्या होत्या.

चार वाजता मी टेबलाशी बसले होते. पाऱ्याचं बीपीचं यंत्र माझ्या कोपराजवळ होतं. चौदा नंबर तिथून पंधरा पावलांवर. मी उठले नाही. चार्ट पुढे ओढला आणि चारच्या रकान्यात लिहिलं: नाडी ८६, बीपी ११८/८०.

८४चं ८६ केलं, १२०चं ११८. दोनचेच आकडे उतरवले असते तर कोणाला शंका आली असती, म्हणून थोडा फरक टाकला. मी आळसानं उठले नाही, हे एक झालं. पण तो दोनाचा फरक आळसानं टाकलेला नव्हता. त्यासाठी मी चांगली जागी होते. आज इतक्या वर्षांनीही मला त्या दोनाच्या फरकाचीच जास्त लाज वाटते.

पाचच्या सुमाराला आजी आल्या. “सिस्टर, ह्यांना घाम सुटलाय, बघता का जरा?” मी गेले. अंग गार, ओलं. नाडी बोटाखाली बारीक आणि पळत होती. यंत्र लावलं तर बीपी पार उतरलेलं. आत रक्तस्राव होत होता. डॉक्टरांना उठवलं, रक्त मागवलं, सहाच्या आत त्यांना पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. आजोबा वाचले. काही दिवसांनी चालत घरी गेले. जाताना आजींनी माझ्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांची पुडी ठेवली आणि म्हणाल्या, “तुम्ही होता म्हणून.” मी ती पुडी मावशींना देऊन टाकली.

त्या सकाळी सर्जन चार्ट बघत उभे होते. बोटानं रकाना दाखवून ते शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले, “चारला हा ठीक होता. म्हणजे जे झालं ते एकदम झालं.”

एकदम! तो शब्द माझ्या कानात अजून आहे. ते एकदम झालं नव्हतं. चारला नाडी नक्की काहीतरी सांगत असणार, निदान सांगायला लागली असणार. ती कोणी ऐकलीच नाही. ऐकणारी खुर्चीत बसली होती आणि तिनं सगळं ठीक असल्याचं लिहून ठेवलं होतं. तो ‘एकदम’ आजोबांच्या पोटात घडला नव्हता, मी माझ्या पेनानं तयार केला होता.

मी ख्रिस्ती घरात वाढले. मोहापासून सावध राहा, हे वाक्य मी कळत नव्हतं तेव्हापासून ऐकत आले. माझं माहेर घोरपडीचं. रोज रात्री जेवणानंतर कंदिलाची काच पुसून झाली की आई पवित्र शास्त्र उघडायची, आणि शेवटी आम्ही सगळे प्रभूची प्रार्थना म्हणायचो. त्यात येतं, ‘आम्हांला परीक्षेत आणू नको’. आपल्या मराठी शास्त्रात मोहाला परीक्षा हाच शब्द जास्त करून आला आहे. मार्च-एप्रिलमध्ये शाळेची परीक्षा तोंडावर आली की मी ती ओळ फार जोर देऊन म्हणायची. आईला ते कळायचं. ती एकदा म्हणाली, “अगं, त्या परीक्षेचं वेळापत्रक तरी मिळतं.”

तेव्हा ते नुसतं ऐकलं. चौदा नंबरच्या खाटेनंतर कळलं. प्रभूचा शिष्य पेत्र लिहितो की सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा कोणाला गिळू म्हणून फिरतो. माझ्या मनात लहानपणापासून तो सिंहच होता. पेशवे पार्कात पाहिलेला, आयाळवाला. मोह येईल तो असा डरकाळी फोडत येईल, आणि मी त्याला ओळखीन. पहाटे चार वाजता सिंह आला नव्हता. खुर्ची मऊ होती आणि पंधरा पावलं लांब वाटत होती, एवढंच.

आपल्याकडे कोणी घसरलं की लोक म्हणतात, “अहो, इतका चांगला माणूस, एकदम कसा असा झाला?” मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पैशात हात घातलेला कोणी, घर मोडून बसलेला कोणी, पुन्हा बाटली धरलेला कोणी. मला आता त्या ‘एकदम’वर विश्वास ठेवता येत नाही. मी त्या माणसाच्या चार्टवर चारची नोंद शोधते. शास्त्र वाचतानाही तेच करते.

दाविदाची गोष्ट घ्या. बथशेबा दिसली आणि राजा पडला, असं आम्हाला संडे स्कूलमध्ये शिकवलं. पण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा अध्याय सुरू कुठून होतो? राजे लढाईला निघतात त्या दिवसांत दाविदानं आपला सेनापती यवाब याला पाठवलं आणि आपण यरुशलेमेत राहिला. मग एके संध्याकाळी तो पलंगावरून उठून राजवाड्याच्या गच्चीवर फिरत होता. पहिली नोंद तिथे आहे, ती बाई दिसण्याच्या आधी. आपली पाळी दुसऱ्याला देऊन घरी राहिलेला माणूस. आणि पुढे तर तो स्वतः चार्ट रंगवतो: बथशेबाला दिवस गेले तेव्हा तिच्या नवऱ्याला, उरियाला, लढाईवरून बोलावून घरी पाठवायचं बघतो, दारू पाजतो, म्हणजे तारखा जुळाव्यात. मी ते वाचते आणि मला माझं ८६ दिसतं.

पेत्राचं तर आणखी. त्यानं प्रभू येशूला तीनदा नाकारलं ते मुख्य याजक कयफाच्या वाड्यात, कोंबडा आरवायच्या आधी. त्या आधीचं मोजून बघा. प्रभूबरोबरच्या शेवटच्या भोजनानंतर तो म्हणतो, सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही. मग गेथशेमाने बागेत झोपतो, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग घाईनं तलवार उपसतो. मग प्रभूला धरून नेतात तेव्हा मागे जातो खरा, पण दुरून. मग शेकोटीपाशी शेकत बसतो, ज्यांनी प्रभूला धरलं त्यांच्याच माणसांत. थंडी होती, शेकोटी ऊबदार होती. यातलं कुठलंही एक पाऊल घेऊन बघा, कोणी त्याला पाप म्हणून अडवलं नसतं. नाकारण्याचं वाक्य तोंडातून आलं तेव्हा काम आधीच झालेलं होतं.

मार्काच्या तेराव्या अध्यायात प्रभू म्हणतो, घरधनी कधी येईल तुम्हाला ठाऊक नाही: संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की सकाळी. हे रोमी पहाऱ्याचे चार प्रहर, तीन-तीन तासांचे. यहुदी लोक पूर्वी रात्रीचे तीन भाग करत, रोमी राज्यात चार झाले. रात्रपाळीच्या बाईला हे वाचताना घरचं वाटतं. आणि पुढच्याच दोन अध्यायांत तीच रात्र येते, त्याच क्रमानं. संध्याकाळी भोजन. मग काळोखात बाग, आणि झोपलेले शिष्य. कोंबडा आरवतो तेव्हा पेत्र. सकाळ होताच प्रभूला रोमी सुभेदार पिलातापुढे नेतात. चारही प्रहरांत घरधनी आला होता. जागं कोण होतं?

माझ्या पणजोबांचं काम जागं राहण्याचंच होतं. ते नगर जिल्ह्यातल्या एका गावचे येसकर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: गावाला वेस असायची, रात्री ती बंद व्हायची, आणि तिच्यावर येसकर असायचा. महारांच्या घरांमध्ये ही पाळी फिरायची. हातात घुंगरांची काठी. परका माणूस आला की त्याला विचारायचं, कोण, कुठला, कशाला आलास, आणि मग पाटलाला वर्दी द्यायची. त्या बदल्यात घरोघर फिरून भाकरी मागायची. आई हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात राग आणि अभिमान दोन्ही असायचं. ज्या गावानं आपल्याला वेशीच्या आत घर बांधू दिलं नाही, त्या गावाची झोप आपल्या माणसानं राखली. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं होतं. पणजोबांचा बाप्तिस्मा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाला. वतनाचं काम मात्र काही पिढ्या सुटलं नाही, ती वतनं कायद्यानं गेली ती १९५८च्या कायद्यापासून.

पणजोबांबद्दल आई एक गोष्ट नेहमी सांगे. वेशीवर ते कोणालाही चेहऱ्यावरून आत सोडत नसत. ओळखीचा असला तरी तीन प्रश्न विचारत. लोक चिडायचे, “अरे मला वळखत न्हाईस का?” ते म्हणायचे, “वळखतो. तरी सांगा.”

पुढे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका प्रवचनात आमच्या पाळकसाहेबांनी इजिप्तच्या वाळवंटातल्या संत अंतोनींबद्दल सांगितलं. इसवी सन ३५६ मध्ये ते वारले. त्यांची शिकवण अशी की मनापुढे काही येऊन उभं राहिलं, मग ते कितीही तेजस्वी दिसो, तर घाबरू नका, आधी विचारा: तू कोण, आणि कुठून आलास? मी बाकावर ताठ बसले. हा तर आमच्या पणजोबांचा प्रश्न! दीड हजार वर्षांचं आणि समुद्राचं अंतर, पण वेशीवरचं काम तेच.

तेव्हापासून मी तो प्रश्न वापरते. त्यानं मला सगळ्यात जास्त कुठे पकडलं असेल तर महिला मंडळात. आमची प्रार्थनासभा दर बुधवारी कोणाच्या तरी घरी असते. चहा होतो, गाणं होतं, मग प्रार्थनेचे विषय. आणि तिथे एक वाक्य येतं, “प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं, बाहेर बोलू नका.” त्यानंतर जे येतं त्यात कोणाची सून, कोणाचा मुलगा, कोणाचं कर्ज. मी हे वाक्य पुष्कळदा ऐकलं आहे, आणि पुष्कळदा म्हटलं आहे. एका बुधवारी असंच एक नाव माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी मनातल्या मनात त्याला वेशीवर थांबवलं. तू कोण? ते म्हणालं, मी प्रार्थना. ठीक. कुठून आलीस? आणि तिथे ते गप्प झालं. कारण ते आलं होतं मागच्या महिन्यातल्या एका लग्नातून, जिथे त्या बाईनं मला सोडून बाकी सगळ्यांना पुढे बोलावून फोटो काढला होता. मी नाव घेतलं नाही. घरी येऊन चहाची कपबशी धुताना मात्र माझे हात थरथरत होते, इतकं ते बाहेर यायला तयार होतं.

वाळवंटातल्या त्या लोकांचा मला फार आधार वाटतो, कारण ते बारीक बघत. चौथ्या शतकातल्या इव्हाग्रियस नावाच्या एका संन्याशानं मनाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली होती. आपण मराठी माणसं षड्रिपू ऐकत मोठी होतो, तेव्हा बरेचसे ओळखीचेच वाटतात. त्यात एक आहे दुपारच्या कंटाळ्याचा. तो म्हणतो, हा आला की संन्याशाला दिवस पन्नास तासांचा वाटतो, तो पुन्हा पुन्हा बाहेर बघतो, सूर्य कुठवर आला, कोणी भाऊबंद भेटायला येतंय का. याला त्यानं सगळ्यांत जड म्हटलं आहे. मला त्याचं बरोबर वाटतं. मला राग, लोभ यांनी जितकं पाडलं नसेल तितकं या ‘अजून किती वेळ’नं पाडलं आहे. पहाटे चारला वॉर्डातल्या घड्याळाकडे मी अशीच बघत होते. आता निवृत्तीनंतर दुपारी मोबाईल हातात घेऊन बोटानं वर वर सरकवत बसते तेव्हाही तेच. दीड तास जातो. त्यात वाईट असं काहीच पाहिलेलं नसतं, पण उठते ती रिकामी होऊन, आणि संध्याकाळी घरात कोणी जरा मोठ्यानं बोललं तरी फटकन उत्तर देते. घरचे म्हणतात, तुला एकदम काय झालं?

चौदा नंबरनंतर मी काय केलं ते सांगायचं राहिलं. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता, मी रात्रपाळी उतरून पूलगेटला बसमधून उतरले आणि चालत घरी आले. लग्नानंतर आम्ही गुरुवार पेठेत राहत होतो, पंचहौद चर्चच्या मनोऱ्याच्या सावलीतच म्हणायला हरकत नाही. त्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत. रविवारी त्या वाजायला लागल्या की सासूबाई पातळाच्या निऱ्या पुन्हा एकदा नीट करायच्या. त्या दिवशी प्रभुभोजन होतं, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. सगळे रांगेनं पुढे गेले आणि मी बाकावर बसून राहिले. सासूबाईंनी काही विचारलं नाही, फक्त परत येऊन बसताना माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्याच संध्याकाळी ड्यूटीवर जाऊन मी नाइट सुपरवायझर सिस्टरांना सगळं सांगितलं. दोनाच्या फरकासकट. त्या कडक बाई होत्या, मला वाटलं आता नोकरी जाईल. त्यांनी मला लेखी द्यायला लावलं, मेमो दिला, तो माझ्या फाइलमध्ये शेवटपर्यंत राहिला. त्यावर मी कधी तक्रार केली नाही. पण त्यांनी आणखी एक केलं, जे कुठल्याही नियमात नव्हतं. पुढचा सगळा महिना, माझी रात्रपाळी असेल त्या प्रत्येक रात्री, त्या चारला पाच कमी असताना माझ्या वॉर्डात येत. एक शब्द बोलत नसत. मी बीपीचा पट्टा बांधायची, त्या टॉर्च धरायच्या. एक खाट, दुसरी खाट. संपलं की टॉर्च बंद करून निघून जायच्या. आधी मला वाटलं, पहारा ठेवतायत माझ्यावर. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की त्यांचे पाय सुजलेले असतात, त्यांना तीन मजले चढून यावं लागतं, आणि नुसता पहाराच ठेवायचा असता तर सकाळी चार्ट मागवता आला असता.

हे मला पुढे गेथशेमाने वाचताना आठवलं. तो शब्द म्हणजे तेलाचा घाणा, जैतून चेपण्याची जागा. तिथे प्रभू शिष्यांना सांगतो, जागृत राहा व प्रार्थना करा, आत्मा उत्सुक आहे खरा, तरी देह अशक्त आहे. हे आपल्याला सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या जरा वर, दोन-तीन ओळी आधी, एक वाक्य आहे जे मी किती वर्षं नुसतं वाचत गेले. माझा जीव मरणप्राय झाला आहे, तुम्ही इथे राहा आणि माझ्याबरोबर जागे राहा. माझ्याबरोबर. तो त्यांना वेशीवर एकटं उभं करत नव्हता. तो स्वतः जागा होता, आणि त्याला सोबत हवी होती. मी इतकी वर्षं सावध राहणं म्हणजे परीक्षकाच्या नजरेखाली बसणं समजत होते. अंधारात कोणीतरी आधीच टॉर्च धरून उभं आहे आणि आपण फक्त उठून त्याच्या शेजारी जायचं आहे, हे मला एका सुजलेल्या पायांच्या बाईनं शिकवलं.

त्याला झोपलेल्या शिष्यांचा राग आला असेल का? तो तीनदा परत येतो. झोपलेल्यांकडे तीनदा परत येणं रागावलेल्या माणसाला जमत नाही. मला तरी नाही जमलेलं.

अरण्यात सैतानानं प्रभूची परीक्षा पाहिली, त्या गोष्टीचा शेवट करताना लूक म्हणतो की सैतान प्रभूला ‘संधी मिळेपर्यंत’ सोडून गेला. म्हणजे जिंकल्यानंतरही पाळी संपत नाही. हे मला कळलं ते फार वाईट रीतीनं.

काही वर्षांपूर्वी उपवासकाळात स्त्रियांच्या एका मेळाव्यात मी पहिल्यांदा ही साक्ष दिली. बायका रडल्या. एक तरुण मुलगी येऊन माझ्या गळ्यात पडली. मग मला आणखी एका मंडळीत बोलावलं, मग आणखी. तिसऱ्या-चौथ्या वेळी सांगताना माझ्या तोंडून निघालं, “डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर आजोबा गेले असते.” सभेत कोणीतरी हुंदका दिला. मी पुढे बोलत राहिले, आणि दोन वाक्यांनी माझ्या पाठीतून गार काही उतरत गेलं. डॉक्टर असं कधीच म्हणाले नव्हते. दहा मिनिटं हा आकडा कुठून आला? मी तो मोजला नव्हता. गोष्ट अधिक खरी वाटावी म्हणून मी तो लिहिला होता. त्याच हातानं. खोट्या नोंदीबद्दलची साक्ष देताना मी खोटी नोंद केली होती, शेकडो माणसांपुढे, प्रभूचं नाव घेऊन.

आपण उभे आहोत असं ज्याला वाटतं त्यानं पडू नये म्हणून जपावं, असं पौल करिंथकरांना लिहितो. मी व्यासपीठावर उभी होते.

मी त्या मंडळीच्या पाळकांना फोन करून सांगितलं की तेवढं वाक्य खरं नव्हतं. ते म्हणाले, राहू द्या हो, आशीर्वादच झाला लोकांना. मी म्हटलं, नाही, पुढच्या रविवारी सांगा. त्यांनी सांगितलं की नाही ते मला माहीत नाही. म्हणून इथे लिहिताना मी प्रत्येक आकडा थांबून तपासला आहे. पाच वाजता नाडी किती होती ते मला आठवत नाही, म्हणून लिहिलं नाही. चारची ८६ मात्र मला मरेपर्यंत आठवेल, आणि ती खोटी आहे.

रात्री झोपण्याआधी मी आता प्रभूला ओव्हर देते. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला खाटेपाशी उभी राहून जे सांगते त्याला आम्ही ओव्हर म्हणतो: याला ताप आला होता, याचं औषध राहिलं, याच्याकडे लक्ष ठेव. तिथे सजवून बोलायला जागा नसते. चांगली सिस्टर राहिलेलं आधी सांगते, कारण पुढचीला तेच हवं असतं. मी माझा दिवस तसा सांगते. सकाळी सुनेशी बोलताना आवाज चढला. दुपारी दीड तास गेला. त्या फोटोतल्या बाईचं अजून मनात आहे. मग पुढची पाळी त्याची. इस्राएलाचा राखणदार डुलकीही घेत नाही, असं स्तोत्रात आहे. पणजोबांना ते किती आवडत असेल, याचा मी कधीकधी विचार करते: साऱ्या गावासाठी जागणारा माणूस, आणि त्याच्यासाठी जागणारा कोणीतरी.

त्या आजोबा-आजींना मी कधी सांगू शकले नाही. पत्ता वॉर्डच्या रजिस्टरमध्ये होता, मी तो उतरवून घेतला नाही. ते राहिलं ते राहिलंच. ओव्हर देताना त्यांचंही नाव घेते.

साक्ष ऐकून गळ्यात पडलेली ती मुलगी आता सिस्टर आहे, इथेच पुण्यात. पहिल्या रात्रपाळीच्या आधी तिचा फोन आला, “काकू, चार वाजता तुम्ही काय करायचा?” मी म्हटलं, “सांगून काय उपयोग, चार वाजता आठवणार नाही तुला. तू असं कर, राउंड झाला की मला नुसती वेळ पाठव.” मला तशीही त्या वेळी जाग येते, शरीराला ती सवय लागली ती लागलीच. तेव्हापासून तिची रात्रपाळी असली की उशाशी फोन उजळतो. ४:०५. ४:१०. मी उत्तर देते, ‘जागी आहे.’ बाकी काही बोलत नाही आम्ही.

परवा चार वाजून गेले. सव्वाचार झाले. मी उठून बसले, खिडकी उघडली, खाली सोसायटीचे वॉचमन काठी आपटत गेटापाशी फेऱ्या मारत होते. वीस मिनिटं झाली, पंचवीस. चार पस्तीसला फोन उजळला.

‘काकू, चारचं राहिलं. डोळा लागला. अजून काही लिहिलं नाही, आत्ता जाते.’

मी लिहिलं, ‘जा. मी आहे.’